७ एमएम बॅककंट्री काडतूस घ्यावं का? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या फेडरल कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये ७ एमएम बॅककंट्री नावाचं रायफलचं काडतूस बाजारात आणलं. त्याचे व्हिडिओ आता सत्तरीपासून काणकोणपर्यंत मोबाइलवर फिरतात आणि मागोमाग प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत काहींकडे शेती संरक्षणाचा परवाना असतो, काहींचा भाऊ किंवा भाचा परदेशात शिकारीला जातो आणि बाकीच्यांना नुसतं कुतूहल असतं. घाईत असाल तर एवढंच वाचा: गोव्यात राहणाऱ्याला हे काडतूस घेता येणार नाही, आणि येत असतं तरी मी "घ्या" म्हटलं नसतं. परदेशातल्या नातेवाइकांचं गणित जरा वेगळं आहे, ते शेवटच्या प्रश्नांत सांगितलं आहे.

या काडतुसात नवीन काय आहे?

पुंगळी. काडतुसाच्या बुडाशी टिकली असते, आत दारू, तोंडाशी गोळी आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पुंगळी. रायफलची पुंगळी शंभराहून अधिक वर्षं बहुतांशी पितळेचीच होत आली आहे आणि त्याला कारण आहे. बार झाला की पितळ फुगून चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसणाऱ्या भागाला, घट्ट बसतं, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरला की किंचित आक्रसतं, म्हणून पुंगळी सहज बाहेर निघते. पण पितळ मऊ असतं. चौरस इंचाला सुमारे ६५,००० पौंड दाब ही त्याची व्यवहारातली मर्यादा मानतात. त्यापुढे बूड पसरायला लागतं.

फेडरलने पितळ सोडून पोलादी मिश्रधातूची पुंगळी केली आणि दाबाची मर्यादा ८०,००० पौंडांवर नेली. पुंगळी फारशी मोठी न करता नुसत्या दाबाच्या जोरावर गोळीला वेग द्यायचा, अशी ही कल्पना आहे. पुंगळीचं बूड जुन्या .३०-०६ काडतुसाएवढंच आहे, म्हणजे काडतूस मागून बंद करणाऱ्या दांड्याचं, बोल्टचं, तोंड नव्याने घडवावं लागत नाही.

वाढीव दाबाची ही वाट लष्कराकडून आली. अमेरिकी सैन्याने एप्रिल २०२२ मध्ये ६.८ × ५१ मिलिमीटरच्या काडतुसाची नवी रायफल निवडली. त्याचा नागरी अवतार .२७७ फ्युरी म्हणून ओळखला जातो आणि त्याचाही दाब ८०,००० पौंडांच्या घरात आहे. तिथे हेतू शत्रूच्या अंगावरचं चिलखत भेदण्याचा होता. आमच्याकडच्या रानडुकराने अजून चिलखत घातलेलं नाही.

८०,००० पौंड म्हणजे किती?

पेट्रोल पंपावर गाडीच्या टायरात हवा भरताना "बत्तीस" सांगतो, ते बत्तीस पौंडच. आता त्या बत्तीसला अडीच हजारांनी गुणा.

वेग किती वाढला, आकड्यांत सांगा.

कंपनीचा दावा असा की १७० ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची गोळी २० इंची नळीतून सेकंदाला ३,००० फुटांनी निघते. मीटरमध्ये ९१४. दावा खरा धरू.

तुलनेला दोन जुनी काडतुसं घेऊ. .३०-०६ हे १९०६ सालचं. त्यातली १८० ग्रेनची गोळी साधारण २,७०० फुटांनी, म्हणजे ८२३ मीटरने जाते. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२ सालचं; मॅग्नम म्हणजे जादा दारूचं, जोरकस काडतूस. त्यातली १६० ग्रेनची गोळी साधारण २,९५० फुटांनी जाते, पण २४ इंची नळीतून. नळी कापत गेलात की इंचामागे पंचवीस-तीस फूट वेग कमी होतो. म्हणजे १९६२ च्या मॅग्नमला लांब नळी लागते, तेच काम नवं काडतूस चार इंच आखूड नळीतून करतं आणि थोडं पुढेही जातं. त्याची खरी कमाई एवढीच. ती थोडी आहे असं मी म्हणत नाही, पण व्हिडिओतल्या थाटात सांगण्याइतकी मोठीही नाही.

ऊर्जेच्या हिशेबात .३०-०६ सुमारे ३,९५० जूल देतं, मॅग्नम ४,२०० च्या आसपास आणि बॅककंट्री ४,६००. हे तिन्ही आकडे नळीच्या तोंडाशी असलेले आहेत.

वेग जास्त म्हणजे मार जास्त, हे तरी खरं ना?

कागदावर खरं. सूत्रात वेगाचा वर्ग असतो, म्हणून वेग थोडा वाढला तरी ऊर्जा भराभर वाढते. पण जनावर पडतं ते गोळी कुठे लागली, किती आत गेली आणि आत जाताना कशी उमलली यावर. ऊर्जेचा आकडा हे सांगत नाही.

हा वाद जुना आहे. १९०७ च्या सुमारास कॅनडातल्या रॉस रायफलबरोबर .२८० रॉस हे काडतूस आलं. त्या काळाच्या मानाने ते भन्नाट वेगवान होतं, वेग जवळजवळ ३,००० फुटांचा. म्हणजे आज ज्या आकड्याची जाहिरात चालली आहे त्या आकड्याच्या आसपास माणूस शंभर वर्षांपूर्वीच पोचला होता. हलकी गोळी आणि प्रचंड वेग यावर लोक लुब्ध झाले. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांचे भाऊ जॉर्ज ग्रे हीच रायफल घेऊन पूर्व आफ्रिकेत सिंहाच्या मागे गेले. १९११ साली अंगावर धावून आलेल्या सिंहावर त्यांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. गोळ्या लागल्या, पण सिंह थांबला नाही आणि ग्रे त्या जखमांनी गेले. त्या काळची धातूच्या पातळ सालीची गोळी एवढ्या वेगाने जवळच्या जनावरात शिरली की वरच्या वर फुटायची, खोल जायचीच नाही.

त्याच सुमाराला जिम कॉर्बेटच्या हाती .२७५ रिग्बी रायफल होती. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ती त्याला १९०७ साली भेट मिळालेली. हीसुद्धा ७ एमएमच, पण वेग बेताचा. तरी पुढेही त्याने तिच्यावर भरवसा ठेवला.

आजच्या गोळ्या १९११ च्या गोळ्यांपेक्षा फार सुधारलेल्या आहेत, हे मान्य करायला हवं. तांब्याची अखंड गोळी किंवा शिशाचा गाभा सालीला चिकटवलेली गोळी जवळूनही फुटून विखरत नाही. म्हणजे सुधारणा झाली ती मुख्यतः गोळीत, आणि ती गोळी जुन्या काडतुसातही भरून मिळते. वेगाच्या मागे धावणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, कारण मग नवी रायफल खपणार कशी?

लांब पल्ल्याला तरी फायदा होतो का?

होतो, आणि हा फायदा मी नाकारणार नाही. वेगवान गोळी लवकर पोचते. लवकर पोचली की कमी खाली येते आणि वाऱ्याला तिला ढकलायला कमी वेळ मिळतो. १०० मीटरवर .३०-०६ आणि बॅककंट्री यांच्या गोळ्या नळीच्या रेषेखाली किती उतरतात यातला फरक सुमारे दीड-दोन सेंटिमीटर येतो. ३०० मीटरवर तो वीतभर होतो. त्यापुढे तो वाढतच जातो आणि डोंगराळ मोकळ्या मुलखात दरीपलीकडच्या जनावरावर नेम धरणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

पण हल्ली अंतर मोजायचा लेझर खिशात मावतो आणि दुर्बिणीवर अंतरानुसार उंची फिरवता येते. अंतर अचूक ठाऊक असेल तर गोळी वीतभर खाली येते याला कुणी घाबरत नाही. वाऱ्याचा अंदाज मात्र अजूनही माणसालाच बांधावा लागतो, आणि तिथे वेगाचं पारडं खरंच जड आहे.

गोव्याच्या रानात किती लांब दिसतं?

तुम्हीच सांगा. काजूच्या बागायतीत फांद्या जमिनीला टेकलेल्या. कुळागरात माड, पोफळी, केळी आणि खाली मिरवेलींची गर्दी. सह्याद्रीच्या उतरणीला करवंदीची आणि रानमोडीची जाळी. तीस-चाळीस मीटरपुढे डुक्कर दिसलं तर नशीब म्हणायचं, तेही बहुधा रात्री आणि बॅटरीच्या उजेडात.

आता हिशेब करू. ५० मीटर कापायला ८२३ मीटरच्या वेगाने जाणाऱ्या गोळीला सुमारे ६१ मिलिसेकंद लागतात आणि ९१४ च्या वेगाने ५५. फरक सहा-सात मिलिसेकंदांचा. एवढ्या वेळात जीव घेऊन पळणारं डुक्करही चार बोटांपेक्षा जास्त पुढे सरकत नाही. उभ्या जनावराच्या बाबतीत हा फरक शून्यच.

उलट तोटे मात्र इथे पूर्ण भोगावे लागतील. एवढ्या जवळून एवढा वेग म्हणजे फऱ्याचं सगळं मांस रक्ताळून नासणार. शिवाय चुकलेली गोळी कुठे थांबेल हे सांगता येत नाही. रायफलची गोळी किलोमीटरभरापलीकडेही माणूस मारू शकते, आणि गोव्यात किलोमीटरभर माणूस नाही अशी जागा शोधून दाखवा. पहाटे काजू गोळा करायला कुणीतरी शेजारच्या बागेत वाकलेलं असतंच. डुक्कर समजून माणसावर बार निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या छर्ऱ्याच्या आणि ठासणीच्या बंदुकांच्या असतात. तिथे रायफल असती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

गोव्यात शिकार करता येते का?

नाही.

अजिबात नाही? पूर्वी तर सगळे पारधीला जायचे.

जायचे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. कलम ११ मध्ये एक अरुंद वाट ठेवली आहे: जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं, किंवा अनुसूची दोनमधलं जनावर उभ्या पिकाची नासधूस करू लागलं, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने ते मारायची परवानगी देऊ शकतात. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहाच्या जागी चार अनुसूची आल्या. रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. गवा आणि मोर अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे पीक खाल्लं एवढ्या कारणावरून त्यांना मारायची परवानगी मिळत नाही. अनुसूची एकमधलं जनावर मारलं तर तीन ते सात वर्षं कैद आहे, बंदूक आणि गाडी जाते ती वेगळी.

२०१६ साली मोराला उपद्रवी ठरवण्याची भाषा गोव्यात निघाली होती आणि देशभर हसं झालं होतं. ज्यांच्या भाजीच्या मळ्यात मोर उतरतात त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नसणार, हेही सांगून ठेवतो.

माझ्याकडे शेती संरक्षणाचा परवाना आहे. त्यावर रायफल मिळेल का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि उत्तर कायद्याच्या मजकुरातच आहे. शस्त्र कायदा १९५९, कलम १३. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, असं तिथे सरळ लिहिलं आहे. ठासणीची पुरी पडणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर २० इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, त्यामुळे या वाटेने रायफल येत नाही, मग ती नव्या काडतुसाची असो की आजोबांच्या काळातली.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. शेती संरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे. जनावर मारायची परवानगी वेगळी, ती वनखात्याकडून यावी लागते. परवान्याची बंदूक आहे म्हणून डुक्कर मारलं तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो आणि परवानाही धोक्यात येतो. हवेत बार काढून कळप हुसकावणं, एवढ्यासाठीच बहुतेकांच्या बंदुका आयुष्यभर वापरल्या जातात.

स्वसंरक्षणाच्या परवान्यावर माझ्याकडे .३१५ रायफल आहे. ती विकून नवी घेऊ का?

घेणार कुठून? नागरी परवानाधारकासाठी आपल्याकडे इशापूरच्या कारखान्याची .३१५ आणि .३०-०६ ही नेहमीची नावं. .३१५ मागचा इतिहास मजेशीर आहे. इंग्रजांना आपल्या सैन्याचं .३०३ नागरिकांच्या हाती नको होतं, कारण चोरीची काडतुसं त्यांच्याच विरुद्ध वापरली गेली असती. म्हणून इथल्या लोकांसाठी वेगळ्या मापाची रायफल रुजली. साम्राज्य गेलं, माप राहिलं. .३०३ आणि ९ एमएम आजही सामान्य परवान्यावर मिळत नाहीत.

.३१५ ची गोळी जाड, जड आणि सावकाश आहे. लांब पल्ल्याला ती वेगाने खाली येते. पण शंभर मीटरच्या आत तिच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे हातची चांगली रायफल सोडताना दहादा विचार करा.

अमेरिकेतल्या चुलत भावाकडून दोन-चार काडतुसं आणवता येतील का? नुसती बघायला?

नाही, नाही आणि नाही. परवाना नसताना जिवंत काडतूस जवळ असणं हाच गुन्हा आहे. दाबोळी असो की मोपा, सामान तपासणारं यंत्र एकही काडतूस सोडत नाही. जुन्या जॅकेटच्या खिशात विसरून राहिलेल्या एका काडतुसापायी माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. "मला ठाऊक नव्हतं" हे न्यायाधीशाला पटायला वर्षं जातात.

रायफल आणि काडतुसांच्या खासगी आयातीवर कडक बंधनं आहेत. नामांकित नेमबाजांना काही सवलती आहेत, पण त्या स्पर्धेच्या शस्त्रांसाठी.

बारा बोअरसाठी जादा वेगाची काडतुसं येतात. ती तरी घ्यावी का?

छर्ऱ्याची उपयोगी मजल पस्तीस-चाळीस मीटर. वेग थोडा वाढवला तर ती दोन-चार पावलं वाढेल, पण हवेत गोल छर्रा एवढ्या लवकर मंदावतो की नळीपाशी मिळालेला जादा वेग पोचेपर्यंत बराचसा संपलेला असतो. आवाज करून कळप उठवायचा असेल तर खडकीच्या कारखान्याचं साधं शक्तिमान काडतूस पुरे. जुन्या दुनळीला जास्त दाबाचं काडतूस घालण्याआधी तर ती बंदूक जाणत्या कारागिराला दाखवाच. नळ्यांचा जोड ढिला झालेल्या बंदुका गावोगाव खुंटीला टांगलेल्या आहेत.

नवं काडतूस जुन्या ७ एमएम रायफलमध्ये चालेल का?

चालणार नाही. ७ एमएम ही गोळीची जाडी झाली. पुंगळीचा आकार, लांबी, खांद्याचा कोन आणि दाब प्रत्येक काडतुसाचे वेगळे असतात. ६५,००० पौंडांसाठी घडवलेल्या चेंबरमध्ये ८०,००० चा बार काढणाऱ्याच्या डोळ्यांची मला काळजी वाटते. हे उत्तर गोव्यातल्यांपेक्षा परदेशातल्या भावा-भाच्यांसाठी जास्त आहे, कारण तिथे काडतूस आणि रायफल दोन्ही दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली असतात.

नळी लवकर झिजते का?

जास्त दाब आणि जास्त उष्णता म्हणजे चेंबरच्या पुढचा, आटे सुरू होतात तो भाग आधी जळतो. १९३५ चं .२२० स्विफ्ट आणि १९५८ चं .२६४ विंचेस्टर मॅग्नम यांनी याच कारणाने नाव घालवलं. वर्षाला दहा-वीस गोळ्या झाडणाऱ्या शिकाऱ्याची नळी त्याच्या हयातीत झिजणार नाही. सराव करणाऱ्याची झिजेल, आणि सराव न करता लांब पल्ल्याचं काडतूस घेणं म्हणजे पैसे फुकट.

पुंगळ्या परत भरता येतात का?

पितळी पुंगळी घरी पुन्हा आकारात आणून भरणं हा अमेरिकेत अनेकांचा छंद आहे. पोलाद पितळासारखं नमत नाही. परत भरण्यासाठी जास्त ताकदीची साधनं लागतात आणि दाबाचा अंदाज चुकला तर सावरायला फार थोडी जागा उरते. इथे हा विषयच उद्भवत नाही.

कंपनीने छापलेले वेगाचे आकडे खरे असतात का?

खोटे नसतात. पण चाचणीची नळी, तिची लांबी, हवेचं तापमान हे सगळं कंपनीने ठरवलेलं असतं. तुमच्या रायफलमधून पन्नास-शंभर फूट कमी आले तर फसवणूक झाली असं समजू नका. तक्ता वाचताना नळीची लांबी आधी पाहा. एका काडतुसाचा आकडा २० इंची नळीचा आणि दुसऱ्याचा २६ इंची, अशी तुलना सर्रास केली जाते.

दहा वर्षांनी हे काडतूस दुकानात मिळेल का?

इतिहास पाहा आणि तुम्हीच अंदाज करा. २००१ च्या आसपास आखूड मॅग्नमांची लाट आली. .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम टिकलं, त्याची भावंडं मागे पडली आणि रेमिंग्टनची त्याच धाटणीची काडतुसं जवळपास विसरली गेली. २००७ साली हॉर्नडी कंपनीच्या घरातून .३० टीसी आलं, वेगाचा गाजावाजा करून. ते आज कुणाला आठवत नाही. त्याच्याच पुंगळीवरून त्याच वर्षी ६.५ क्रीडमूर निघालं. वेग बेताचा, धक्का कमी, नेम पक्का. ते जगभर पसरलं. म्हणजे ग्राहक वेगाच्या गोष्टी ऐकतो, पण पुन्हा पुन्हा विकत घेतो ते खांद्याला सोसणारं काडतूस.

बॅककंट्रीची मदार एका कंपनीच्या पुंगळीवर आहे. दुसऱ्या कंपन्यांनी तशा पुंगळ्या मनापासून करायला घेतल्या तर ते टिकेल. तोवर मी थांबलो असतो.

एअर रायफल घेतली तर?

.१७७ ची, २० जूलपर्यंतची एअर रायफल विनापरवाना घेता येते. ती कागदावर नेम धरायला. माकडांवर, पक्ष्यांवर झाडायला नाही. नेमबाजी शिकायची असेल तर मान्यताप्राप्त रायफल क्लबात जा. क्लबाच्या सदस्याला सरावासाठी .२२ च्या परवान्याची वाटही कलम १३ मध्येच आहे. स्पर्धेतली .२२ ची गोळी ध्वनीच्या वेगाच्या आसपासच रेंगाळते आणि तरी पन्नास मीटरवर दहा पैशाच्या नाण्याएवढ्या जागेत गोळ्या बसवणारी पोरं आपल्या देशात आहेत.

निवडणुकीत बंदूक जमा करावी लागते. त्याला काही उपाय?

उपाय म्हणण्यासारखा नाही, पण मार्ग आहे. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा न करता जिल्ह्याच्या छाननी समितीने प्रकरण पाहून ठरवावं, अशी पद्धत आहे. शेती संरक्षणाचं कारण, सात-बाराऐवजी आपल्याकडे चालणारा एक-चौदाचा उतारा आणि झालेल्या नुकसानीचे कागद जोडून वेळेत अर्ज द्या. २०२४ च्या लोकसभेला गोव्यात ७ मे रोजी मतदान झालं. काजूचा हंगाम मार्च ते मे. डुकरं आचारसंहिता पाळत नाहीत, पण अर्ज न देता घरी बसून कुरकुर केल्याने बंदूक परत मिळत नाही.

मग डुकराचं करायचं काय?

सौर कुंपण. झटका बसतो, जीव जात नाही. कृषी खात्याकडून त्याला अनुदान मिळतं, झोनल कृषी कार्यालयात चौकशी करा. कुंपणाखालचं गवत कापत राहायला हवं, नाहीतर झटका गवतातून जमिनीत उतरतो आणि डुक्कर आरामात आत येतं. कुंपण बसवून विसरून जाणाऱ्यांचीच तक्रार असते की ते चालत नाही. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडायचा विचारही करू नका. त्याने डुकराआधी शेजारी मरतो.

नुकसान झालं की लगेच फोटो आणि पंचनामा करून शेतकरी आधार निधीसाठी अर्ज द्यावा.

केरळने २०२२ मध्ये ग्रामपंचायतीच्या प्रमुखांना ठरावीक अटींवर डुक्कर मारायची परवानगी देण्याचे अधिकार दिले. गोव्यातही तसं व्हावं असं अनेक शेतकऱ्यांना वाटतं. माझं मत विचाराल तर ग्रामसभेत या मागणीचा ठराव घ्यायला जितकी माणसं जमतात त्याच्या दुप्पट माणसं बंदुकीच्या व्हिडिओखाली भांडताना दिसतात.

माझा भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो, हरणांच्या शिकारीला जातो. त्याने घ्यावं का?

इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांसाठी कायद्याने किमान .२४० इंच जाडीची नळी आणि १,७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २,३०० जूल ऊर्जा लागते. .२४३ किंवा .३०८ काडतुसाने ही अट पूर्ण होते आणि तिथली शिकार बहुतेक शंभर-दीडशे मीटरच्या आत, मचाणावरून होते. रायफलच्या प्रत्येक मापासाठी त्याला पोलिसांकडे कारण द्यावं लागतं. ८०,००० पौंडांच्या काडतुसाचं कारण देताना तोच अडखळेल. घेऊ नये.

आणि भाचा कॅनडात आहे, मूस या थोराड हरणाच्या शिकारीला जातो.

बॅककंट्रीचा सगळा डौल आखूड नळीचा आहे. आखूड नळी कशाला, तर पुढे आवाज दाबणारी नळकांडी बसवली तरी रायफल फार लांब होऊ नये म्हणून. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती नळकांडी कायदेशीर आहे, न्यूझीलंडमध्ये तर घरोघरी आहे. कॅनडात तिला बंदी आहे. म्हणजे भाच्याला मिळणार आखूड नळीचा कान फाडणारा आवाज, खांद्याला धक्का आणि महाग काडतूस. वेगाचा जो फायदा उरतो तो ऑन्टारियोच्या दाट रानात वापरायला जागा मिळणार नाही, कारण तिथला मूस बहुधा शंभर मीटरच्या आतच समोर येतो.

त्याच्याकडे आधीच .३०-०६ किंवा .३०८ असेल तर वाचलेल्या पैशातून चांगल्या गोळ्यांचे चार जादा डबे घेऊन हंगामाआधी रेंजवर जाऊन ते संपवायला सांगा. पश्चिमेला रॉकी पर्वतात जाऊन दरीपलीकडच्या जंगली मेंढ्यावर नेम धरणार असेल, तीनशे मीटरवर वाऱ्यात दहापैकी दहा गोळ्या ताटलीएवढ्या जागेत बसवत असेल आणि तरी रायफल कमी पडते म्हणत असेल, तर मात्र घेऊ दे. पण त्यालाही ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आधी हातात धरून पाहायला सांगा. कॅनडात नळकांडी नाही म्हणजे २४ इंची नळीची अडचणही नाही, आणि त्या मॅग्नमची काडतुसं खेड्यातल्या दुकानातही मिळण्याची शक्यता जास्त.